सासूबाईंच्या कापडावरची आंब

प्रश्न : नमस्कार मॅडम. वाशिम जिल्ह्यात आमचं पाच एकर कोरडवाहू वावर आहे. तीन एकरांत तूर, तिच्यात ज्वारीची तासं, आणि खालच्या तुकड्यात हरभरा. गेल्या वर्षी बचत गटातल्या आम्ही चौघींनी मिळून ट्रायकोकार्डं, म्हणजे अळीची अंडी मारणाऱ्या बारीक मित्रकीटकांच्या पट्ट्या, मागवली. तुरीला फुलोरा आला तेव्हा तुरीत, हरभऱ्याला कळ्या लागल्या तेव्हा हरभऱ्यात, पानांच्या मागे पट्ट्या टाचल्या. तरी शेंगा पोखरायच्या त्या पोखरल्याच आणि घाटेअळीही तेवढीच. आमच्यातल्या एकीने हीच कार्डं कपाशीत लावली होती, तिला फरक दिसला. माझे दीर म्हणतात, विकणाऱ्याने फसवलं. पण एक पट्टी उरली होती ती मी काचेच्या बरणीत ठेवली, तर तिच्यातून चिलटाहून बारीक किडे निघाले. मग दीर म्हणाले, आई पहाटे आंबेसाठी हरभऱ्यावर कापड अंथरते, त्यानेच किडे उडाले असतील. घरात त्यावरून वाजलं. माझं नेमकं चुकलं कुठे? दुसरं असं, की अळी तोंड लावणार नाही असा कडू, लवदार टोमॅटो येणार असं माझा भाऊ सांगतो. तो लावून वर कार्डं लावली तर दुहेरी बंदोबस्त होईल का? आणि अळी दिसताच अग्निअस्त्राचा काढा फवारला तर चालेल ना? ते तर घरचंच आहे.

उत्तर : ताई, आधी घरातलं भांडण मिटवू. सासूबाईंनी तुमचे किडे उडवले नाहीत. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तर त्या रोज पहाटे कापडातून पिळून वाटीत काढत होत्या.

आंब म्हणजे काय, ते त्यांना विचारा. हरभऱ्याच्या कोवळ्या पानाला, देठाला, घाट्याला बारीक लव असते. त्या लवेच्या टोकाशी इवल्या ग्रंथी असतात आणि त्यांतून आंबट द्रव पाझरतो. रात्री दव पडलं की तो दवात उतरतो, कापडाला लागतो, आणि पिळला की वाटीत येतो. पोटदुखीला, अपचनाला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तो देत आले आहेत. हरभऱ्यातून अनवाणी चालल्यावर पाय चुरचुरतात, तेही त्याच्यामुळेच. त्या द्रवात मुख्यतः दोन आम्लं असतात, मॅलिक आणि ऑक्झॅलिक. हरभरा ती आपल्या पोटदुखीसाठी बनवत नाही. ती त्याची किडीविरुद्धची तटबंदी आहे. ऑक्झॅलिक आम्ल पोटात गेलं की घाटेअळीची वाढ मंदावते, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. म्हणजे हरभरा स्वतःची राखण स्वतः करतो, आणि बऱ्यापैकी करतो.

आता त्याच पानावर तुमच्या कार्डातून निघालेला जीव सोडून पाहा.

ट्रायकोग्रामाची मादी जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब असते. बरणीत तुम्ही पाहिलीच आहे. ही गांधीलमाशीच्या मोठ्या कुळातली, पण तिला ना धड दंश, ना लांब उड्डाण. पतंगाचं अंडं ती पानावर चालत चालत शोधते. पुढच्या मिशांनी पान चाचपत जायचं, अंडं सापडलं की त्यावर चढून ते वाजवून पाहायचं, आणि मग त्याच्या आत आपलं अंडं घालायचं. तीन-चार दिवसांत पतंगाचं अंडं काळं पडतं आणि त्यातून अळीऐवजी नवी ट्रायकोग्रामा निघते. कार्डावर चिकटवलेली ती वीसेक हजार अंडी तांदळात होणाऱ्या पतंगाची असतात, आणि प्रत्येकीत अशी एक वाढत असते. तिच्या मापाने पाहिलं तर हरभऱ्याचं पान म्हणजे काय? तिच्या उंचीएवढे खांब दाटीने रोवलेले आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यावर आम्लाचा चिकट थेंब. कुठे पाय अडकतो, कुठे पंख. जी अडकत नाही ती पाय पुसत बसते. अंडं दोन बोटांवर असलं तरी तिथवर ती पोचत नाही.

हा माझा कल्पनाविलास नाही. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिथे १९९०च्या दशकात यॉर्ग रोमाइस, टॉम शॅनोवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला होता, की घाटेअळीच्या अंड्यांवर चालणारी ट्रायकोग्रामा हरभऱ्यावर का फसते. त्यांनी ट्रायकोग्रामाला वेगवेगळ्या झाडांच्या वेगवेगळ्या भागांवर चालवलं आणि तिची चाल पाहिली. हरभऱ्यावर दोष कार्डाचा नव्हता आणि किड्याचाही नव्हता. आडवी येत होती ती लव आणि तिच्यावरचा आंबट पाझर.

तुरीची गोष्ट जरा वेगळी आहे, आणि मला विचाराल तर जास्त चटका लावणारी. तुरीच्या पानावर ट्रायकोग्रामाला फारशी अडचण येत नाही. पण तुरीच्या शेंगा पोखरणारीही हीच घाटेअळी, आणि तिचा पतंग अंडी कुठे घालतो? कळीवर, फुलाच्या देठाशी असलेल्या हिरव्या वाटीवर, कोवळ्या शेंगेवर. लांब लव आणि चिकट स्राव नेमका तिथेच असतो. जिथे ती सहज चालू शकते तिथे अंडी कमी, आणि जिथे अंडी आहेत तिथे तिला पाऊल टाकता येत नाही. तुमच्या ज्वारीच्या तासांबद्दलही पाटणचेरूला पाहून झालं आहे. तूर आणि ज्वारी एकत्र असलेल्या रानात ज्वारीच्या कणसांवरच्या अंड्यांत परोपजीवी, म्हणजे ट्रायकोग्रामासारखे दुसऱ्याच्या आत वाढणारे किडे, भरपूर सापडले, आणि हातभर अंतरावरच्या तुरीवर जवळजवळ नगण्य. पतंग तोच, वावर तेच, परोपजीवीही तोच. फक्त झाड बदललं.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका गावात मीच शेतकऱ्यांना तुरीत कार्डं लावायला सांगितली होती. तुमच्यासारखीच फुलोऱ्यात, तुमच्यासारखीच पानामागे. शेंगांचं नुकसान झालं तेव्हा कार्डं पुरवणाऱ्या प्रयोगशाळेला मी दोष दिला आणि एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला, तुम्ही उशिरा लावलीत, असं सुनावलं. त्याने वेळेवर लावली होती. हे मला फार नंतर कळलं आणि आजही ते मनात सलतं. म्हणून तुम्हाला ठामपणे सांगते. तुमच्या बरणीत किडे निघाले म्हणजे माल जिवंत होता. पट्ट्या तुम्ही नीट टाचल्या. विकणाऱ्याने फसवलं म्हणायला आधार नाही आणि तुमच्या हातूनही चूक झाली नाही. कुठल्या पिकावर चालतील आणि कुठल्यावर नाही, हे तुम्हाला कार्डांबरोबर कुणी सांगितलं नाही, एवढंच राहून गेलं. मैत्रिणीच्या कपाशीत त्यांनी काम केलं, कारण कपाशीच्या पानावर त्यांना वाट मिळाली.

पण हरभरा सगळ्याच मित्रकीटकांना हुसकावतो, असं समजू नका. इथेच मला या पिकाचं कौतुक वाटतं.

कॅम्पोलेटिस क्लोरिडी नावाची एक सडपातळ, काळसर माशी हरभऱ्याच्या वावरात असते. तुम्ही ती पाहिली असणार, फक्त नाव ठाऊक नसेल. हीही गांधीलमाशीच्याच कुळातली, पण ट्रायकोग्रामापेक्षा कितीतरी मोठी, लांब पायांची, उडत फिरणारी. ती अंडी शोधत नाही. लहान अळी गाठते आणि क्षणात टोचून तिच्या शरीरात आपलं अंडं घालते. आतलं पिल्लू अळीला आतून खातं, आणि अळी मोठी होऊन घाटे पोखरायच्या आधीच मरते. मेलेल्या अळीच्या कातड्याजवळ एक छोटा रेशमी कोष दिसतो. हरभऱ्याच्या शेंड्याकडे, पानाला चिकटलेला. पुष्कळ जण तो किडीचा समजून चिरडतात. ताई, तो चिरडू नका. आपल्याकडे हरभऱ्यावर घाटेअळीला आवर घालणाऱ्या नैसर्गिक शत्रूंमध्ये हिचं नाव सगळ्यात वर येतं, आणि ती फुकट येते.

आंबट लव हिला तितकी नडत नाही, कारण तिला पानावर रांगायचं नसतं. शिवाय आम्लामुळे अळी सावकाश वाढली तर ती लहान राहण्याचे दिवस वाढतात, आणि लहान अळी हेच तर या माशीचं सावज. एकीच्या पायात खोडा घालणारी आंब दुसरीला जास्तीचे चार दिवस मिळवून देऊ शकते. तुरीवर मात्र ही माशी फार रमत नाही. तिथे त्याच अळीवर टॅकिनिड माश्या जास्त आढळतात. दिसायला घरातल्या माशीसारख्या, पण अंगावर राठ केस. यांची पिल्लं अळीला खाऊन बाहेर पडतात आणि तपकिरी, पिंपासारखे कोष करतात. अळीची जात एकच, पण हरभऱ्यात तिचे मारेकरी वेगळे आणि तुरीत वेगळे. म्हणून कुठलाही मित्रकीटक विकत घेताना, अमुक किडीवर चालतो का, एवढं विचारून भागत नाही. अमुक पिकावरच्या अमुक किडीवर चालतो का, असं विचारावं लागतं.

आता भावाच्या टोमॅटोकडे येते. इथे गोष्ट पानावरून अळीच्या पोटात जाते, आणि मला स्वतःला हा भाग सगळ्यात विलक्षण वाटतो.

टोमॅटोच्या पानात टोमॅटिन नावाचं कडू द्रव्य असतं. १९७९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या ब्रूस कॅम्पबेल आणि शॉन डफी या दोघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. आपल्या घाटेअळीची अमेरिकेत एक सख्खी बहीण आहे, मक्याची कणसं आणि टोमॅटो पोखरणारी. तिला त्यांनी टोमॅटिन मिसळलेलं खाद्य दिलं आणि तिच्या अंगात हायपोसोटर नावाच्या परोपजीवी माशीची पिल्लं वाढू दिली. टोमॅटिन खाल्लं होतं अळीने, पण त्या माशीची पिल्लं सावकाश वाढली, कोषातून कमी माश्या बाहेर आल्या, आल्या त्या वजनाला हलक्या, आणि काहींच्या मिशा, पोट, जननेंद्रियं वेडीवाकडी. अशी माशी पुढे काय वंश चालवणार? झाडाने अळीसाठी ठेवलेलं विष अळीच्या रक्तातून तिच्या शत्रूच्या पिल्लापर्यंत गेलं होतं.

असं का व्हावं, याचा धागाही त्यांनी पुढे शोधला. कीटकांना कोलेस्टेरॉलसारखी द्रव्यं स्वतः तयार करता येत नाहीत, ती खाण्यातूनच मिळवावी लागतात. टोमॅटिन नेमकं याच द्रव्यांना धरून ठेवतं. अळीच्या खाद्यात ती द्रव्यं जास्तीची घातली तेव्हा माशीच्या पिल्लांवरचा दुष्परिणाम कमी झाला.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या, कारण ती फारशी कुणी सांगत नाही. अळी पानं खाते तसं शरीरात आलेलं नको ते लेंड्यांतून बाहेर टाकत राहते. तिच्या आत वाढणाऱ्या माशीच्या पिल्लाला ती सोय नसते. या कुळातल्या पिल्लांचं आतडं मागच्या बाजूला बंद असतं, आणि सगळी घाण अगदी शेवटी, कोष करण्याच्या सुमाराला, एकदाच बाहेर टाकली जाते. तोवर जे आलं ते पोटात साठत जातं. ज्या घरात ते जन्मलं त्या घराचं अन्न त्याला नाकारता येत नाही आणि टाकताही येत नाही.

तंबाखूवर हे फार स्पष्ट दिसतं. अमेरिकेत तंबाखूवर शेपटीला शिंग असलेली एक जाडजूड हिरवी अळी येते. निकोटिन ती चटकन शरीराबाहेर टाकते, म्हणूनच ती तंबाखूवर खुशाल जगते. तिच्यावर कोटेशिया नावाची चिमुकली परोपजीवी माशी असते. पिल्लं अळीच्या पाठीतून बाहेर येऊन तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे कोष ओळीने लावतात. अळीच्या खाद्यात निकोटिन वाढवलं तेव्हा ही पिल्लं कमी जगली. विष अळीने खाल्लं आणि फटका तिच्या मारेकऱ्याला बसला. अळीच्या दृष्टीने याहून चांगला सौदा कोणता?

मग लवदार टोमॅटो. इक्वेडोर-पेरूकडे एक रानटी टोमॅटो आहे. त्याच्या लवेच्या गाठींमध्ये २-ट्रायडेकॅनोन नावाचं उग्र द्रव्य असतं आणि त्यामुळे बऱ्याच किडी मरतात. ते गुण लागवडीच्या टोमॅटोत आणायचे प्रयत्न अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाला झाले, आणि तिथल्याच कीटकशास्त्रज्ञांनी प्रामाणिकपणे दुसरी बाजूही तपासली. अशा झाडांवर ट्रायकोग्रामासारख्या अंड्यांवरच्या परोपजीवींचं काम मंदावलं. आपल्या कॅम्पोलेटिसच्या एका बहिणीची पिल्लं तर अळीतून बाहेर पडून कोष विणायला बसली आणि पानावरच्या त्याच द्रव्याने मेली. अळीच्या आत तगली आणि दारात येऊन संपली.

म्हणून भावाला सांगा, की अळीला दाद न देणारं वाण चांगलं असू शकतं, मी त्याच्या विरोधात नाही. फवारणी कमी होत असेल तर मला त्याचा आनंदच आहे. पण तसं वाण अधिक कार्डं म्हणजे दुप्पट संरक्षण, हा हिशेब प्रत्येक वेळी जुळत नाही. कधी दोन्ही मिळून एकापेक्षा जास्त होतात, कधी एक दुसऱ्याचं खातं. वाण बाजारात आलंच तर पहिल्या वर्षी चार ओळी लावा, शेजारी नेहमीच्या चार ओळी, दोन्हीकडे कार्डाची एकेक पट्टी. दोन्हीकडची अंडी किती काळी पडली ते मोजा. तुमच्या चार ओळी जे सांगतील ते मला इथे बसून सांगता येणार नाही.

अग्निअस्त्राबद्दल मला तुमच्याशी थोडं कडक बोलायचं आहे. “ते तर घरचंच आहे” हे वाक्य मला शेकडो वेळा ऐकायला मिळतं आणि दर वेळी काळजी वाटते. त्यात गोमूत्र, कडुनिंब, मिरची, लसूण यांच्याबरोबर तंबाखू उकळतात ना? तंबाखू उकळला की निकोटिन उतरतं. झाड ते आपल्या पानात जपून ठेवतं, आपण ते पंपात भरून सगळ्या वावरावर टाकतो. निकोटिन अळी आणि कॅम्पोलेटिस असा भेद करत नाही. वर सांगितलेल्या प्रयोगांत ते अळीच्या शरीरातून गाळून थोडंसं पिल्लापर्यंत गेलं होतं, तुमच्या फवाऱ्यात ते थेट माशीच्या अंगावर पडेल. आणि हे माणसाच्या कातडीतूनही आत जातं. काढा गाळताना, फवारताना उघडे हात नकोत. तोंडाला फडकं बांधा, लेकरं जवळ नकोत. फवारल्यावर डोकं गरगरलं, मळमळलं तर ऊन लागलं म्हणून पडून राहू नका. अंगावरचे कपडे काढा, साबणाने अंघोळ करा आणि दवाखान्यात जा. ५ टक्के निंबोळी अर्क त्या मानाने पुष्कळ सौम्य आहे, पण कार्डं लावली असतील तिथे ती लावण्याच्या आगेमागे आठ-दहा दिवस तोही नको.

अळी दिसताच मारायचं, ही घाईसुद्धा सोडा. हरभऱ्यात मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या दिसू लागल्या की विचार करायची वेळ आली, असं धरतात. मोजायला अर्धा तास लागतो. मोजताना शेंड्याकडे ते रेशमी कोष दिसतात का, तेही पाहा. कोष दिसत असतील आणि अळ्या लहान असतील तर चार दिवस थांबून पुन्हा मोजा.

तुमच्या वावरात मी काय केलं असतं ते सांगते. कार्डं ज्वारीत लावली असती. ज्वारी तुरीच्या आधी फुलते. तिच्या कणसांवर पतंग अंडी घालतो आणि त्यांतून वाढलेली पिढी पुढे तुरीकडे वळते. कणसं फुलोऱ्यात असताना ट्रायकोग्रामाला तिथे सोडली तर तिला चालायला जागा मिळते आणि तुरीकडे जाणारे पतंग तेवढे कमी होतात. ती स्वतः तुरीवर उतरून काम करील ही आशा मात्र ठेवू नका. पट्ट्या संध्याकाळी लावा, उन्हाच्या आड, मुंग्या चढणार नाहीत अशा.

तुरीत जुनंच करा. झाडाखाली साड्या किंवा पोती अंथरून झाड हलवायचं, अळ्या खाली पडतात. चौघी जणी मिळून केलंत तर तीन एकर जड नाही. पक्ष्यांना बसायला काठ्या रोवा, हेक्टरी पाचेक कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावा. अळ्या लहान असतानाच, संध्याकाळी, एचएएनपीव्ही हा घाटेअळीला मारणारा विषाणू फवारा. हेक्टरी २५० ते ५०० एलई (एलई म्हणजे एका रोगट अळीतून मिळणाऱ्या विषाणूएवढं माप) अशी त्याची शिफारस असते. संध्याकाळी अशासाठी, की उन्हाने तो मरतो. हरभऱ्याच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. त्याच्या पानावरची काही द्रव्यं या विषाणूचाही जोर कमी करतात, असं संशोधनात दिसलं आहे. हरभऱ्याला मदतीला आलेला कुणी ओळखूच येत नाही, असं कधीकधी वाटतं! तरीही विषाणू निरुपयोगी ठरत नाही, फक्त अळी मोठी होईपर्यंत थांबू नका.

हरभऱ्यात यंदा पेरतानाच मध्ये मध्ये धन्याच्या ओळी टाका, धुऱ्याकडे जवस. कॅम्पोलेटिसच्या मादीला अळी मिळाली तरी स्वतःला जगायला मध लागतो, आणि हरभऱ्याच्या मिटलेल्या फुलातून तिला तो सहजी मिळत नाही. धन्याच्या उघड्या पांढऱ्या फुलांवर ती आणि तिच्यासारख्या बऱ्याच जणी येतात. बियाण्यात मूठभर ज्वारीचे दाणे मिसळले तर पक्ष्यांना आपोआप थांबे मिळतील. कार्डांवर जे पैसे हरभऱ्यासाठी घालवणार होतात ते यंदा धन्याच्या बियाण्याला लावा.

झाडाबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली, नाहीतर तुमचं मन तुरीवरून उतरेल. १९९० साली टेड टर्लिंग्ज, जेम्स टमलिन्सन आणि जो लुईस यांनी अमेरिकेत मक्याच्या रोपांवर दाखवून दिलं, की अळीने पान कुरतडलं की रोप विशिष्ट गंध सोडू लागतं आणि त्या गंधामागे परोपजीवी माशी येते. अळीच्या तोंडातला द्रव जखमेला लागला तरच हा गंध नीट सुटतो, नुसत्या कात्रीच्या कापाने नाही. म्हणजे जे झाड लवेत आणि रसात विष ठेवतं, तेच झाड हाकही मारतं. हाक ऐकून आलेल्याचे पाय त्याच्याच अंगणात अडकावेत, याचं मला अजूनही वाईट वाटतं. पण झाडाला आपली कार्डं ठाऊक नाहीत. त्याने ही लव लाखो वर्षांत कमावली, आणि बहुतेक वेळा ती त्याच्या उपयोगी पडली.

शेवटी एक काम देते. यंदा तुरीखालच्या पोत्यावर पडलेल्या अळ्यांपैकी पंचवीस-तीस बाजूला काढा आणि हरभऱ्यातल्याही तेवढ्याच. एका डब्यात ठेवू नका, या अळ्या एकमेकींना खातात. रिकाम्या काडेपेट्या घ्या, प्रत्येकीत एक अळी, सोबत ज्या पिकावर ती सापडली त्याचीच कोवळी शेंग किंवा घाटा, रोज ताजा. पेटीवर पिकाचं नाव आणि तारीख घाला. दोन-तीन आठवड्यांत काही पेट्यांतून पतंग निघतील, काहींत रेशमी कोष सापडतील, काहींत तपकिरी पिंपं. तूर किती, हरभरा किती, ते वहीत लिहून मला पाठवा. तुमच्या दिरांना सोबत घ्या. काडेपेटी उघडून अळीऐवजी माशी पाहिली की ते पुन्हा फसवणुकीचं बोलणार नाहीत असं मला वाटतं. आणि सासूबाईंना यंदाही कापड अंथरू द्या. फक्त पिळून झाल्यावर ते उन्हात धरून भिंगातून बघा, एखादी अडकलेली ट्रायकोग्रामा त्यावर दिसते का.